खुर्चीतलं माणूस

एखाद्या उंच इमारतीत कामासाठी गेलात आणि लिफ्टची वाट बघत ताटकळत उभे राहिलात, तर जरा जिन्याच्या दाराकडे नजर टाका. भिंतीवर पिवळ्या आवरणात मिटवून ठेवलेलं काहीतरी टांगलेलं दिसेल. बहुतेकांना ते इस्त्रीचं टेबल वाटतं. एका गृहस्थांनी तर मला विचारलं होतं, की साफसफाईवाले आपलं सामान असं दर्शनी भागात का टांगतात. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती खुर्ची असते. आग लागली, वीज गेली, लिफ्ट बंद पडली, की ज्याला पायऱ्या उतरता येत नाहीत अशा माणसाला तिच्यात बसवायचं आणि जिन्याने खाली न्यायचं. खुर्चीच्या मागच्या बाजूला दोन रबरी पट्टे असतात. ते पायऱ्यांना घासत सरकतात आणि वजन धरून ठेवतात. नेणाऱ्याने मागून दांडा धरून चालायचं, बस्स. त्याला पैलवान लागत नाही.

अशा खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात मी जोडणी खात्याचा फोरमन आहे. दांडे, चाकं, पट्टे, खिट्ट्या, सगळं माझ्या हाताखालून जातं. या वस्तूबद्दल मला कोणी काही शिकवावं असं मला कधी वाटलं नाही, आणि माझा स्वभाव बघता शिकवायची कोणाची छातीही झाली नाही. पण आज मला कोणी विचारलं, की या खुर्चीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठला, तर मी ना चाक दाखवीन ना पट्टा. आवरणाला दोरीने अडकवलेलं एक कार्ड असतं, तेवढं दाखवीन. ते माझ्या भाचीने लिहिलंय. माझी भाची साहित्याची एम.ए. आहे. तुम्हाला वाटेल मामा फुशारकी मारतोय. खुशाल वाटू द्या.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, एकुलती एक मुलगी. मेहुणे लवकर गेले. ताई एका दुकानासाठी शिवणकाम करते: शाळांचे गणवेश, हॉटेलांचे पडदे, नर्सबाईंचे एप्रन. कपडे धुलाईच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे दोघी राहतात. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी कापडाचे गठ्ठे आणि त्या गठ्ठ्यांना टेकून वाचत बसलेली पोरगी, हे चित्र मी वर्षानुवर्षं बघत आलोय. वाचायला तिला काहीही चालायचं. पुस्तक नसेल तर रिळांच्या खोक्यावरचा मजकूर, औषधाच्या बाटलीबरोबर येते ती घडी घातलेली चिठ्ठी. एकदा मी गेलो तर सामान बांधून आलेला कागद सरळ करून वाचत होती, आणि बातमी मध्येच फाटलेली म्हणून रडकुंडीला आली होती. मी तेव्हाच तिचं नाव मास्तरीण ठेवलं. एवढं वाचणारी दुसरं होणार तरी काय!

ताईची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली. वाचता येतं, पण ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत. मास्तरीण एम.ए. झाली तेव्हा ताईने पदवीचा कागद हातात घेऊन त्यावर तसंच बोट फिरवलं, तो परत दिला आणि मशीनवर जाऊन बसली. मशीनचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

मग सुरू झाला नोकरीचा शोध. शाळांना शिकवण्याची वेगळी पदवी हवी होती. वर्तमानपत्रवाले होते तीच माणसं कमी करत होते. एका ऑफिसात साहेबांनी विचारलं, "साहित्य म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही?" ही म्हणाली, "वाचतो, आणि कोण काय म्हणतंय, का म्हणतंय याचा विचार करतो." साहेब म्हणाले, "ते आम्ही इथे करत नाही." घरी आल्यावर ती त्या सगळ्या साहेबांच्या अशा काही हुबेहूब नकला करायची की हसून हसून आमची पोटं दुखायची.

पण हसण्यावारी नेण्यासारखी परिस्थिती नव्हती. ताईचे डोळे चालले होते. आधी सुईत दोरा ओवायला पोरीला हाक जायची, पुढे काळ्या कापडावरची काळी शिवण दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बारीक काम बंद करा, नाहीतर आहे तेही जाईल. ताई म्हणाली, "पोरगी कामाला लागली की करते बंद." आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक गठ्ठा उचलून आणला. खालच्या धुलाईवाल्याने काउंटरवर बसायला जागा देऊ केली होती. मास्तरीण तयार होती. ताई हट्टाला पेटली.

"एवढं शिकून लोकांच्या शर्टांना चिठ्ठ्या टाचणार? मी आंधळी झाले तरी चालेल!"

"मला नाही चालणार!" मास्तरीण ओरडली.

रोज त्याच विषयावर मायलेकींचं कडाक्याचं वाजायचं, आणि मधल्या मध्ये मी, दोघींची बोलणी खाणारा. शेवटी वैतागून मी आमच्या मालकीणबाईंच्या कानावर घातलं. आमच्याकडे फोन घ्यायची, आल्यागेल्याशी बोलायची एक जागा रिकामी होती. बाई कमी बोलणाऱ्या. केसांत कायम पेन्सिल खोचलेली. म्हणाल्या, "पाठवा."

मुलाखतीला बाईंच्या शेजारी आमचे डिझाइनचे साहेब बसले होते. कारखान्यात त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात, अर्थात पाठीमागे. एखादा स्क्रू केसभर वर राहिला तर या माणसाला जेवण जात नाही. सरळ आणि हुशार, आणि माझ्याइतकेच तापट. खुर्ची मूळ त्यांच्या डोक्यातून निघालेली. ओळख करून द्यायला म्हणून मी दाराशी उभा होतो. बाईंनी चार साधे प्रश्न विचारले, हिने चार साधी उत्तरं दिली. झालं, असं मला वाटलं. मग बाई म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?" यावर लोक सुट्ट्यांचं विचारतात.

"हो," मास्तरीण म्हणाली. "बाहेर जी खुर्ची ठेवलीय, तिच्यावरचं कार्ड मी वाचलं. त्यात बसणारं माणूस कुठे आहे?"

मी दाराशी उभ्या उभ्या तिला आवरतं घ्यायची खूण केली. मिलिमीटर म्हणाले, "म्हणजे काय?"

"कार्डात दांडा आहे, खिट्टी आहे, चाकं आहेत. माणूस कुठेच नाही. एके ठिकाणी 'भार आसनावर ठेवून पट्टा आवळावा' असं लिहिलंय. तो भार म्हणजे माणूस का?"

"अर्थात."

"त्याला माहीत असतं का, की तो भार आहे?"

मिलिमीटर बाईंकडे बघायला लागले. बघणारच. थोड्याच दिवसांपूर्वी एका ऑफिसात आगीचा सराव चालू असताना आमच्या खुर्चीत बसलेल्या एका बाईंनी घाबरून जिन्याचा कठडा धरला होता. खुर्ची फिरली आणि त्यांचं मनगट मोडलं. आम्ही ती खुर्ची परत आणून खिळा न् खिळा तपासला. कशातच दोष नव्हता. आणि दोष नाही म्हणून आम्ही सगळे खूश झालो होतो.

आम्हाला माणूस न दिसण्याला कारण होतं. आमच्या सगळ्या चाचण्या जावईबापूंवर व्हायच्या. जावईबापू म्हणजे वाळू भरलेला, माणसाच्या वजनाचा कापडी बाहुला. स्वतः काडीचं काम करत नाही आणि सगळ्यांनी उचलून न्यायचं, म्हणून कारखान्याने त्याला हे नाव दिलेलं. जावईबापूंना आम्ही हजारो वेळा जिन्यावरून उतरवलं असेल. पण जावईबापू घाबरत नाहीत. ते कठडा धरत नाहीत. जे आम्हा इतक्या कारागिरांना आणि साहेबांना कधी सुचलं नाही, ते या पोरीने दहा मिनिटं बाकावर बसून, नुसतं कार्ड वाचून ओळखलं होतं. ना तिला त्या मनगटाचं माहीत होतं, ना जावईबापूंचं. ही तीच पोरगी का, जिला मी परवापरवापर्यंत मास्तरीण म्हणून चिडवत होतो?

बाईंनी केसांतली पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली. "फोनचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "हे कार्ड नवीन लिहा. एक महिना घ्या. चाचणीत उतरलं तर तुम्ही कायम. नाही उतरलं तर मात्र माझ्याकडे दुसरं काही नाही, फोनची जागा तोवर भरलेली असेल."

"चाचणी कशी असते?" मास्तरणीने विचारलं.

"ज्याने ही खुर्ची जन्मात पाहिलेली नाही असा माणूस बोलवायचा. त्याच्या हातात फक्त कार्ड द्यायचं. आगीची घंटा वाजत ठेवायची. त्याने तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं की चाचणी संपली."

घरी ही बातमी ऐकून ताईने आधी पेढा मिळाल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि मग विचारलं, "म्हणजे ही काय करणार? मोठे साहेब सांगतील ते टाइप करणार?" समजावण्याच्या फंदात मी पडलो नाही. कार्डाचा कागद कारखान्याबाहेर न्यायचा नाही असा नियम होता, त्यामुळे ताईला दाखवणंही शक्य नव्हतं.

मला वाटलं होतं, मास्तरीण टेबल-खुर्ची मागेल आणि लिहायला बसेल. तिने लिहिलंच नाही. ती खुर्चीत बसली. रोज. मागच्या जिन्यावर ज्याला वेळ असेल त्याला पकडायची आणि म्हणायची, "मला खाली न्या." वेल्डर, पॅकिंगच्या बायका, वॉचमन, कोणालाही सोडलं नाही. खाली आली की पुन्हा वर. मी रागावलो, म्हटलं अगं, महिना संपत आला, एक ओळ तरी खरड! ती म्हणाली, "मामा, माझा हात बघ."

मी बघितलं. पहिल्या पायरीवर खुर्ची पुढे कलली की तिचा उजवा हात आपोआप उठून कठड्याकडे जायचा. खुर्ची पडत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, इतक्या वेळा उतरलेली. तरी हात जायचाच. ज्या ज्या माणसाने तिला नेलं, त्या प्रत्येकाच्या वेळी गेला. फक्त एका माणसाच्या वेळी नाही. रंगखात्यात एकजण आहे, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो झोपेतसुद्धा बंद होत नसावा. रेडिओने दांडा धरला आणि सुरू झाला: "मी रंगखात्यातला, बरं का. आता वळवतोय हं. आता पायरी आली, थोडं पुढे झुकल्यासारखं वाटेल, मी आहे मागे." मास्तरणीचा हात मांडीवरून हलला नाही.

तिने त्याला परत न्यायला लावलं. पुन्हा तेच. मग त्याला म्हणाली, आता गप्प राहून न्या. बिचाऱ्याला ते फार जड गेलं. आणि पहिल्याच पायरीला हात कठड्यावर! मी तिथे उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं आम्ही त्या खुर्चीला पट्टे लावले, चाकं लावली, ब्रेक लावले, आणि हाताला जागेवर ठेवणारी वस्तू निघाली रेडिओची बडबड.

"हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळलं कुठे, शोधत होते," ती म्हणाली. "कुठलीही गोष्ट वाचताना आम्ही आधी विचारायचो, सांगतंय कोण आणि ऐकतंय कोण. तुमच्या कार्डात सांगणाराही कारखाना आणि ऐकणाराही कारखानाच. ज्याला कडेवर घेतल्यासारखं खाली न्यायचं, त्याच्याशी कोणी बोलतच नाही."

मी स्वतः उठून तिला चहा आणून दिला. माझ्याकडून ही गोष्ट सहसा होत नाही.

मग तिने लिहिलं. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लिहायची, मोठ्याने वाचायची, खोडायची. कार्डाची पहिली ओळ तयार झाली: बसलेल्या माणसाला सांगा, तुम्ही कोण आहात. मिलिमीटर ती वाचून ताडकन उठले. आग लागलेली असताना ओळखपाळख कसली करायची? एकेक क्षण मोलाचा! पण त्यांचा खरा भडका उडाला तो पुढच्या ओळींवर. तिथे लिहिलं होतं: पहिल्या पायरीला भीती वाटते. सगळ्यांना वाटते.

"सूचनांमध्ये भीती?" ते ओरडले. "आमच्या वस्तूवर आम्हीच लिहायचं, की हिची भीती वाटते?"

"ती असतेच साहेब," मास्तरीण शांतपणे म्हणाली. "लिहिली नाही म्हणून जात नाही. लिहिली नाही तर नेणाऱ्याला वाटतं, भीती आपल्या एकट्यालाच वाटतेय, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. मग तो खुर्ची मागे ओढतो."

हे मात्र खरं होतं. नवखा माणूस हमखास मागे ओढतो, आणि मागे ओढलं की पट्टे पायरीवरून उचलले जातात. त्यावर आम्ही वर्षानुवर्षं डोकेफोड करत होतो. मिलिमीटरनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "फोरमन, मला जरा बसवा खुर्चीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्याने ही खुर्ची बनवली तो माणूस आजवर तिच्यात बसलेला नाही. मी त्यांना बसवलं, पट्टा आवळला, मुद्दाम एक शब्द बोललो नाही, आणि पहिल्या पायरीवर नेलं. साहेबांचा हात असा काही झपकन कठड्याकडे गेला की घड्याळ खणकन आपटलं. खाली आल्यावर त्यांनी घड्याळाची काच तपासली. मग म्हणाले, "भीतीची ओळ ठेवा."

चाचणीचा दिवस उजाडला. त्या सकाळी ताईला घरात बसवेना. मशीनवर बसली तर शिवण वाकडी जायला लागली, म्हणून ती मास्तरणीबरोबरच निघाली आणि फाटकाशी वॉचमनच्या खोलीत स्टुलावर बसून राहिली. म्हणाली, "मी इथेच बरी. निकाल लागला की सांगा."

वर तिसऱ्या मजल्यावर पहिली अडचण आली. बाई म्हणाल्या, जावईबापू नकोत, कार्डात माणूस आहे तर खुर्चीतही माणूस हवा. त्या मोडलेल्या मनगटाची गोष्ट सगळ्यांना माहीत, त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. मी पुढे होणार तेवढ्यात मास्तरीण खुर्चीत जाऊन बसली. "मी लिहिलंय, मीच बसते," म्हणाली. दुसरी अडचण त्याहून मोठी. शेजारच्या ऑफिसातले एक कारकून चाचणीसाठी बोलावलेले होते. त्यांनी खुर्चीत बसलेली जिवंत मुलगी पाहिली, खाली जाणारा जिना पाहिला आणि हात जोडले. "पोतं असेल तर नेतो. कोणाच्या पोरीच्या जिवाशी खेळ माझ्याने व्हायचा नाही." आणि गेलेसुद्धा.

बाईंनी खिडकीतून खाली बघितलं. "फाटकाशी त्या कोण बसल्यात?"

"माझी बहीण," मी म्हणालो. "हिची आई."

"त्यांनी खुर्ची पाहिलीय?"

"कधीच नाही. पण बाई, तिला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचते. डोळेही अधू झालेत."

मिलिमीटर म्हणाले, "आणि आईच म्हटल्यावर ती जास्त जपून नेणार. ही चाचणी खरी कशी मानायची?"

"उलट आहे साहेब," मास्तरीण खुर्चीतून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आईला सगळ्यात जास्त भीती वाटेल."

"मग त्याच हव्यात," बाई म्हणाल्या.

ताई जिना चढून वर आली ती धापा टाकत. तिला काय करायचं ते बाईंनी सांगितलं, कार्ड हातात दिलं, आणि पोरीने एक शब्दही बोलायचा नाही हेही सांगितलं. ताईने खुर्चीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे असं बघितलं की मी या जन्मात विसरणार नाही. "अरे, मला नाही जमणार हे." मी नजर खाली वळवली. मला ठाऊक होतं, ही चाचणी फसली की उद्या सकाळी ताई पुन्हा त्या काळ्या कापडावर वाकणार, आणि तिचे डोळे जातील तोवर वाकलेलीच राहणार. मास्तरणीलाही ठाऊक होतं. पण बोलायची सोय नव्हती.

घंटा सुरू झाली. त्या बंद जिन्यात तिचा आवाज असा घुमतो की डोकं भणभणतं. ताईने कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं. ओठ हलले. बोट ओळीच्या शेवटाला गेलं, परत सुरुवातीला आलं. तिने एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं, की हे खरंच करायचं का? मग ती खुर्चीच्या पुढे आली, पोरीसमोर वाकली आणि घंटेच्या वर आवाज चढवून म्हणाली,

"मी तुझी आई आहे."

मिलिमीटरनी चष्मा काढला. मला समोरचं काही नीट दिसेना. मास्तरीण ओठ घट्ट मिटून बसली होती, डोळ्यांतून नुसती धार लागली होती, पण नियम म्हणजे नियम, हूं की चूं नाही.

ताई पुढची ओळ वाचून लागलीच म्हणाली, "हात छातीशी धर. धर म्हणते ना!" कार्ड दोरीने गळ्यात अडकवलं, पोरीच्या कमरेचा पट्टा आवळला. खुर्ची वळवली. कार्डात लिहिलं होतं, जे कराल ते करण्याआधी सांगा, आणि ताई सांगत होती, अगदी पोरीला लहानपणी आंघोळ घालताना सांगायची तशी. "आता मागे कलवते. आता पायरी आली बघ." आणि पायरी आली. खुर्ची पुढे झुकली. ताईने घाबरून दांडा मागे खेचला. पट्टे पायरीवरून उचलले गेले, खुर्ची डळमळली. मास्तरणीचा उजवा हात छातीवरून सुटला आणि कठड्याकडे निघाला. मी नकळत एक पायरी पुढे झालो.

"हात!" ताई ओरडली. "हात छातीशी!" हात थांबला. मागे गेला.

एका हाताने दांडा तसाच धरून ताईने दुसऱ्या हाताने गळ्यातलं कार्ड वर उचललं. आता बोट ठेवायला हात मोकळा नव्हता. ती नुसत्या नजरेने वाचत होती, अधू डोळ्यांनी, एकेक शब्द मोठ्याने. "पहिल्या पायरीला भीती वाटते." थांबली. "सगळ्यांना वाटते." पुन्हा थांबली. मी तिच्या खांद्यांकडे बघत होतो. ते खांदे हळूहळू खाली आले, शिवण पुरी झाल्यावर येतात तसे. "मागे ओढू नका. पट्टे वजन धरतात. चालत राहा." ताईने कार्ड सोडलं, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कोणाशी तरी भांडण मिटवल्यासारखं म्हणाली, "बरं!"

आणि ती चालायला लागली. खुर्ची एकेक पायरी घासत, सरसरत, पाण्यासारखी खाली निघाली. आम्ही मागून जात होतो. मी त्या जिन्यावरून जावईबापूंना किती वेळा उतरताना पाहिलं असेल, पण असं काही पाहिलं नव्हतं. एक शिवणकाम करणारी, शाळा सुटलेली, थकलेल्या डोळ्यांची बाई आपल्या वाढलेल्या पोरीला तीन मजले खाली घेऊन चालली होती, आणि तिला चालवत होते ते चार-दोन साधे शब्द. मी लोखंडातला माणूस. शब्दांनी वजन उचललं जातं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता डोळ्यांसमोर उचललं जात होतं.

तळाशी पोचल्यावर ताईने शेवटची ओळ वाचली आणि वाकून म्हणाली, "पोचलो गं."

घंटा बंद झाली. त्या शांततेत ताई दम खात कार्डाकडे बघत होती. "कोणी लिहिलंय हो हे?" तिने मिलिमीटरना विचारलं, साहेब तेच दिसतात म्हणून. "फार शहाणं माणूस असणार. भीती वाटेल म्हणून आधीच सांगून ठेवलं. नाहीतर मी तिथून हललेच नसते."

मिलिमीटरनी खुर्चीकडे हात केला. "तुमच्या मुलीने. प्रत्येक शब्द."

"हिने?" ताई म्हणाली. "माझ्या हिने?"

बाई मास्तरणीला म्हणाल्या, "आपण स्ट्रेचर बनवतो, रुग्णाला उचलायचे पाळणे बनवतो. सगळ्यांच्या कार्डांवर अजून भारच आहे. उद्या जरा लवकर या." ही त्यांची नेमणुकीची भाषा. मास्तरणीने मान हलवली आणि पट्टा सोडायला हात खाली नेला.

"थांब," ताईने तिचा हात धरला. "बसून राहा जरा." ती शेवटच्या पायरीवर टेकली, कार्ड उजेडात धरलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि आता कसलीच घाई नसल्यासारखी मोठ्याने, अगदी पहिल्यापासून वाचायला लागली.